प्रीमियम डेस्कटॉप घेतला आणि आत दोन वर्षं जुना माल निघाला

चार वर्षांहून जास्त वापरून झाल्यावर लिहितेय, म्हणजे हा पहिल्या आठवड्यातला राग नाही. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं की तू घेतलायस त्याच कंपनीचा नवा डेस्कटॉप घ्यायचा विचार आहे, घेऊ का, आणि मी तिला फोनवर उत्तर टाइप करायला लागले ते इतकं लांबत गेलं की म्हटलं नीट बसून सगळंच लिहून काढू, दुसऱ्या कोणाला घ्यायचा असेल तर त्यालाही कामाला येईल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा रोग एका कंपनीचा नाही आणि नाव लिहिलं की चर्चा त्या नावावरच अडकते.

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. मुलाखती, लेक्चर्स, दोन-दोन तासांचं फुटेज, दोन कॅमेरे, ऑडिओ वेगळा. हे सगळं लॅपटॉपवर करून करून तो लॅपटॉप बिचारा भाजून निघाला होता, म्हणून २०२१ च्या सुरुवातीला ठरवलं की आता एकदाच काय तो चांगला डेस्कटॉप घ्यायचा, कंपनीचा, वरच्या रेंजमधला, की पुढची सहा-सात वर्षं त्याच्याकडे बघायला नको. असेंबल का नाही केला असं सगळ्यांनी नंतर विचारलं. मला ते करायचंच नव्हतं. कुठला पार्ट कुठल्याशी जुळतो, पॉवर सप्लाय किती वॉटचा लागतो ही डोकेफोड दुसऱ्या कोणीतरी, ज्याला त्यातलं कळतं त्याने माझ्यासाठी केलेली असावी यासाठीच मी जास्तीचे पैसे मोजले होते. प्रीमियमचा अर्थ मी तरी तोच धरते.

दिसायला मशीन सुंदर आहे, ते मान्य करायलाच हवं. जाड अ‍ॅल्युमिनियमचं कॅबिनेट, कुठे धारदार कडा नाही, बाजूचं झाकण एका खटक्यात उघडतं, समोर ओळीने पोर्ट आणि त्यांच्या खाली एसडी कार्डाचा स्लॉट. बॉक्सवर मोठ्या अक्षरात आय७ प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, २ टीबी स्टोरेज, डेडिकेटेड ग्राफिक्स, आणि खाली 'क्रिएटर्ससाठी'. मी हे वाचलं आणि घेतलं.

पहिल्या दिवशी पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉप दिसला, पण माऊस फिरतोय आणि क्लिक केलं की काही होत नाही. ब्राउझर उघडायला गेले तर चाळीस सेकंद नुसतं गोल फिरत बसलं. वाटलं पहिल्यांदा आहे, अपडेट चालू असतील, राहू दे रात्रभर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर ४ टक्के, मेमरी २२ टक्के आणि डिस्क १०० टक्के, आणि तो शंभरचा आकडा हलतच नव्हता. कॅबिनेटला कान लावला तर आतून कुरकुर कुरकुर टक, कुरकुर टक, असा आवाज. हा आवाज मी ओळखते, माझ्या कॉलेजच्या वेळच्या कॉम्प्युटरला होता.

रविवारी धाकटा भाऊ आला त्याला म्हटलं बघ रे जरा. त्याने झाकण काढलं, टॉर्च मारला आणि दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, हे कितीला घेतलंस?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "ये इकडे, बघ."

२ टीबी स्टोरेज म्हणजे हार्ड डिस्क होती. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क, ती नाहीच, छोटीसुद्धा नाही, विंडोज त्याच फिरत्या डिस्कवर. तीसुद्धा ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे मारणारी. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य पाटीवर, एम डॉट टू प्रकारच्या एसएसडीचा स्लॉट होता, रिकामा, आणि त्या स्लॉटच्या टोकाला एसएसडी धरून ठेवायला जो छोटा स्क्रू लागतो तो आणि त्याच्या खालचं पितळी बूच दोन्ही नव्हतं. म्हणजे बोर्ड बनवताना जागा ठेवलीय आणि आमचं मशीन बनवताना तो एवढासा स्क्रूसुद्धा वाचवलाय. मला आजही त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त तो स्क्रू आठवतो.

५४०० आरपीएम म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण बॉक्सवरच्या आकड्यांमधून हे कधीच कळत नाही. तबकडी मिनिटाला ५४०० वेळा म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले साधारण साडेपाच मिलिसेकंद, आणि त्याच्या आधी सुई त्या जागेवर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद जातात ते वेगळे. हिशोब केला तर वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या छोट्या फाइल्स सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स उघडतं. साध्यातली साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. त्यामुळे प्रोसेसर कितीही चांगला द्या, तो बसून वाट बघणार, चार टक्के जे दिसत होतं ते हेच. कागदावर आय७ आणि हातात दहा वर्षांपूर्वीचा अनुभव.

रॅम, म्हणजे बॉक्सवरची ती मेमरी, १६ जीबीची एकच कांडी होती, दुसरा स्लॉट मोकळा. यात काय बिघडलं असं मला वाटलेलं, भावाने सांगितलं की दोन कांड्या असल्या तर प्रोसेसर दोन्हीकडून एकदम वाचतो. ही डीडीआर४ २६६६ प्रकारची, एका कांडीच्या वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी, दोन असत्या तर ४२.६. आठ-आठच्या दोन टाकल्या असत्या तर खर्चात असा कितीसा फरक पडला असता? पण एकच कांडी टाकली की कंपनीला एकच पार्ट मागवावा लागतो.

आता प्रोसेसर. आय७ म्हणजे आय७-९७००, इंटेलच्या नवव्या पिढीचा, एप्रिल २०१९ मधला. मी घेतला तेव्हा दहावी पिढी येऊन बरेच महिने झालेले आणि मी घेतल्यावर थोड्याच दिवसांत, मार्च २०२१ मध्ये, अकरावी आली. 'आय७' हे नाव २००८ पासून चालू आहे, त्यामुळे नुसतं आय७ लिहिणं म्हणजे गाडी विकताना मॉडेलचं नाव सांगायचं आणि वर्ष सांगायचं नाही. पुढचा आकडा बघायचा असतो हे मला माहीत नव्हतं. ही माझी चूक म्हणून लोक सांगतात आणि मी ते मानत नाही, कारण ज्याला हे सगळं बघत बसायचं नाही त्यालाच तर हे मशीन विकतात.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट तर खरंच लागली मनाला. जीटीएक्स १६५०, ४ जीबी, तेही एप्रिल २०१९ चं. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना कार्डाच्या वेगापेक्षासुद्धा त्यातला एन्कोडर महत्त्वाचा असतो, म्हणजे एक्सपोर्ट करताना फाइल बनवणारा वेगळा भाग. त्या सुमारास आलेल्या १६६० वगैरे कार्डांमध्ये नव्या पिढीचा एन्कोडर होता, आणि २०१९ च्या मूळ १६५० मध्ये ती बनवणाऱ्या एनव्हीडियाने त्याच्या आधीच्या पिढीचा ठेवला होता. म्हणजे त्या मालिकेतलं व्हिडिओसाठी सगळ्यात कच्चं कार्ड नेमकं उचलून बसवलं आणि वर क्रिएटर्ससाठी असं छापलं. ज्याने हे ठरवलं त्याला फरक माहीत नव्हता असं मला वाटत नाही, आणि माहीत नसेल तर ते अजून वाईट.

कार्ड रीडरचं मला महिनाभराने कळलं. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड घातलं की कॉपी व्हायला अर्धा तास लागायचा. मला वाटायचं ही पण हार्ड डिस्कचीच कृपा. पण तीच फाइल पेनड्राइव्हवरून मागच्या निळ्या पोर्टने टाकली तर भराभर यायची. शोधत शोधत कळलं की समोरचा तो देखणा स्लॉट आतून यूएसबी २.० ला जोडलाय. यूएसबी २.० हे २००० सालचं स्टँडर्ड, सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी आणि प्रत्यक्षात तीस-पस्तीस. यूएसबी ३.० चं स्टँडर्ड २००८ चं. माझं कार्ड ९० एमबीने वाचता येतं, म्हणजे बारा मिनिटांचं काम. शूटिंगवरून रात्री दमून आल्यावर तीन कार्डं रिकामी करायची तर दीड तास, आणि मी तो दीड तास रोज त्या स्लॉटसमोर बसून घालवलाय, उद्या सकाळी कार्डं परत लागणार असायची म्हणून. शेवटी बाहेरचा एक कार्ड रीडर घेऊन मागे लावला. कॅबिनेटचा तो पुढचा स्लॉट तेव्हापासून वापरलेला नाही.

आणि गरम होणं. बॉक्सवर प्रोसेसरचा वेग ४.७ गिगाहर्ट्झ. रेंडर लावलं की पहिली अठ्ठावीस-तीस सेकंदं झकास चालतं आणि मग आकडा उतरत उतरत तीन-साडेतीनच्या आसपास येऊन बसतो आणि पंखा मात्र केस वाळवायच्या मशीनसारखा ओरडत राहतो. हे बिघडलेलं नाही, असंच ठरवलेलं आहे. ६५ वॉटचा प्रोसेसर थोडा वेळ त्याच्या वर पळू द्यायचा आणि मग ६५ ला धरून ठेवायचा, ही इंटेलची मर्यादा आहे आणि चांगला कूलर न् चांगला बोर्ड असेल तर ती वाढवता येते. पण यात कूलर स्वस्तातल्या मशीनमध्ये असतो तोच, अ‍ॅल्युमिनियमचा गोल गट्टू आणि त्यावर पंखा. बाहेरच्या कॅबिनेटला जेवढं अ‍ॅल्युमिनियम लावलंय त्याच्या दहावा हिस्सा आत कूलरला लावला असता तरी चाललं असतं.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची मुलगी सभ्य होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती म्हणाली, "मॅडम, प्रॉडक्ट स्पेसिफिकेशनप्रमाणेच आहे." आणि ते खरं होतं. वेबसाइटवर अगदी खाली, 'सविस्तर माहिती' वर क्लिक केलं की बारीक अक्षरात ५४०० आरपीएम लिहिलेलं होतं. रॅमच्या पुढे '१ बाय १६' लिहिलेलं होतं. कार्ड रीडरबद्दल मात्र कुठेच नव्हतं. मी विचारलं की मी स्वतः एसएसडी टाकली तर वॉरंटीचं काय, तर तिने होल्डवर ठेवलं, आठ मिनिटांनी येऊन सांगितलं की आमच्याकडूनच टाकून घ्या. कंपनीच्या त्या एसएसडीचा दर बाहेरच्या तसल्याच एसएसडीच्या तिप्पट निघाला.

इथे मला कळलं की जुना माल हा नुसता आळस नाही, तो हिशोब आहे. खालचं मॉडेल मुद्दाम एवढं अडखळतं ठेवायचं की माणूस स्वतःहून वरचा पर्याय निवडेल किंवा नंतर येऊन पैसे भरून अपग्रेड करेल. दुसरं कारण साठा. प्रोसेसर, बोर्ड हजारोंनी घेऊन ठेवलेले असतात, ते संपेपर्यंत नवीन आणायचं नाही. तिसरं, महागडे डेस्कटॉप विकतात कमी, त्यामुळे कॅबिनेटचा साचा, बोर्डाचं डिझाइन एकदा केलं की ते चार-चार वर्षं ओढायचं. ही सगळी कारणं मला समजतात. फक्त यातल्या एकाही कारणाचा खर्च गिऱ्हाइकाने का भरायचा ते समजत नाही, कारण माल जुना झाला म्हणून किंमत उतरलेली मी कधी बघितली नाही.

आणि हे सगळ्यात मोठ्या नावांनी केलेलं आहे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अ‍ॅपलचा मॅक प्रो, तो काळा गोल डबा, डिसेंबर २०१३ मध्ये विकायला आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये नवा येईपर्यंत सहा वर्षं आतलं हार्डवेअर तेच. मध्ये एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने पत्रकारांना बोलावून मान्य केलं की आपण डिझाइनच असं केलं की उष्णतेमुळे त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसवायला जागा उरली नाही. कबूल केलं ही चांगलीच गोष्ट, पण त्यानंतरही अडीच वर्षं नवीन मॅक प्रो नव्हता, आणि ज्यांचं पोट त्यावर होतं, एडिटर, थ्रीडी करणारे, त्यांनी एक तर तोच घेतला नाहीतर विंडोजवर गेले. मॅक मिनी २०१४ नंतर थेट २०१८ च्या ऑक्टोबरात बदलला. आयमॅकचं मला सगळ्यात खटकतं, २१.५ इंची फोरके स्क्रीनचा आयमॅक, इतका सुंदर स्क्रीन, आणि त्याच्या बेस मॉडेलमध्ये २०१९ लासुद्धा ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क होती, एसएसडी सगळ्यांना मिळायला २०२० चा ऑगस्ट उजाडला. फ्यूजन ड्राइव्ह नावाचा प्रकार होता, हार्ड डिस्क आणि थोडी फ्लॅश, म्हणजे एसएसडीत असते ती मेमरी, एकत्र, त्यातली फ्लॅश सुरुवातीला १२८ जीबी असायची ती २०१५ मध्ये १ टीबीच्या मॉडेलला २४ जीबीवर आणली. म्हणजे काळ पुढे गेला आणि पार्ट मागे.

मायक्रोसॉफ्टचा सरफेस स्टुडिओ २ आठवतोय का कोणाला? तो २८ इंची स्क्रीन जो वाकवून टेबलावर चित्र काढता येतं. २०१८ च्या शेवटी आला, प्रचंड महाग, आणि आत लॅपटॉपचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, जेव्हा आठवी पिढी बाजारात रुळली होती. मग २०२१ मध्ये त्याच कंपनीने विंडोज ११ आणलं आणि अट घातली की इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. स्वतःचाच तीन वर्षांचा सगळ्यात महागडा डेस्कटॉप त्या यादीबाहेर पडत होता, म्हणून मग सातव्या पिढीतला तो प्रोसेसर वेगळा यादीत घ्यावा लागला. त्यांच्या हातात यादी होती, त्यांनी बदलली. पण २०१८ मध्ये दुसऱ्या कुठल्या कंपनीचा सातव्या पिढीचा साधा आय७ डेस्कटॉप नवाकोरा म्हणून ज्याने घेतला त्याच्यासाठी कोणी यादी बदलली नाही. त्याला विंडोज १० वरच राहावं लागलं आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मला जे सांगायचंय ते खरं तर इथेच आहे. लोक म्हणतात दोन वर्षं जुन्या प्रोसेसरने काय फरक पडतो, वेगात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक, तुला कळणार पण नाही. वेगाचं सोडा. मशीनचं आयुष्य तुम्ही घेतलं त्या दिवसापासून मोजत नाहीत, आतला पार्ट बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात. ड्रायव्हर, सिक्युरिटी अपडेट, नव्या विंडोजची यादी, सॉफ्टवेअरवाल्यांची किमान अट, सगळे तिथूनच मोजतात. मी सहा-सात वर्षं म्हणून पैसे भरले त्यातली दोन वर्षं मशीन माझ्या घरी यायच्या आधीच गोदामात संपलेली होती. ती दोन वर्षं मला कोणी विकत दिली नाहीत आणि पैसे मात्र घेतले. हे दुधाच्या पिशवीवर तारीख नसल्यासारखं आहे.

माझं मशीन विंडोज ११ च्या यादीतून एका पिढीने वाचलं. एका पिढीने! पुढच्या वेळी वाचेल की नाही कोण जाणे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सगळाच दोष कंपन्यांचा नसतो. इंटेलने २०१५ ते २०२१ ही वर्षं डेस्कटॉपमध्ये चिप बनवायच्या एकाच, १४ नॅनोमीटरच्या तंत्रावर काढली, सहावी आणि सातवी पिढी यात तर वरच्या आय७ ला तेच चार कोअर, फरक शोधावा लागेल असा. तेव्हा नवीन घ्या न् जुना घ्या, खरंच सारखंच होतं, आणि त्या काळात कोणी मॉडेल बदललं नाही तर मी नाव ठेवणार नाही. आणि मोठी ऑफिसं असतात त्यांना पाचशे मशीन एकसारखी लागतात, वर्षाने अजून दोनशे घेतली तरी तीच, त्यांना जुनं मॉडेल चालू राहिलेलंच हवं असतं. ठीक आहे, त्यांना तसं सांगून विका. जुनं विकणं हा गुन्हा नाही. मी सेकंडहँड लेन्स घेते, वर्ष विचारून घेते, त्याप्रमाणे पैसे देते आणि खूश असते.

पण हार्ड डिस्कला, एका रॅमकांडीला, यूएसबी २.० ला यातलं कुठलंच कारण लागू होत नाही. त्या गोष्टी २०२१ मध्ये स्वस्त होत्या, दुकानात सहज मिळत होत्या.

पुढचं लवकर सांगते. आठ महिने सहन केलं, मग वॉरंटी गेली तर गेली म्हणून भावाने एक एसएसडी आणली, दुसरी १६ ची रॅम आणली, आणि तो स्क्रू वेगळा शोधून आणला, तो त्याच्या जुन्या बंद पडलेल्या बोर्डावरून काढला. एसएसडी घेतली ती एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची, पण पीसीआयई ३.० पिढीची, कारण हा बोर्ड त्याच्या पुढे जात नाही. विंडोज नव्याने टाकलं. बटण दाबल्यापासून काम सुरू करेपर्यंत आधी चांगली तीन मिनिटं लागायची, ती वीस सेकंदांच्या आत आली. मी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि ते उघडलं, बस, एवढंच, पण माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत, कारण आठ महिने मी समजत होते की माझं काहीतरी चुकतंय, मी प्रोजेक्ट नीट लावत नाही, फाइल्स जड ठेवते. माझं काही चुकत नव्हतं.

मग हाव सुटली म्हणा की गरज म्हणा, ग्राफिक्स कार्ड बदलू म्हटलं, आरटीएक्स ३०६० टाकू, तेव्हा कार्ड मिळायची मारामार होती तरी एक जमलं असतं. त्याला एनव्हीडिया ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. आमच्यात ३१० वॉटचा. बरं, पॉवर सप्लाय बदलू, तर तो कंपनीचा स्वतःचा, बोर्डाला जाणारी वायर नेहमीची २४ पिनांची नाही, वेगळीच. बोर्ड बदलू, तर बोर्डाचा आकार वेगळा, कॅबिनेटच्या स्क्रूच्या जागा वेगळ्या, पॉवर बटणाची वायरसुद्धा वेगळ्या पद्धतीची. भाऊ जमिनीवर बसून एकेक बघत होता आणि प्रत्येक वेळी मान हलवत होता. म्हणजे तो सुंदर अ‍ॅल्युमिनियमचा डबा, ज्याचे मी सगळ्यात जास्त पैसे दिले असणार, तो त्याच्या आतल्या मालासकटच म्हातारा होणार. साध्या बाजारातल्या कॅबिनेटमध्ये मी आज नवा बोर्ड टाकून अजून सहा वर्षं काढली असती. डेस्कटॉप घ्यायचा तो यासाठीच ना, की एखादा भाग काढून दुसरा टाकता येतो? ते काढून घेतलं तर मग लॅपटॉप काय वाईट.

मैत्रिणीला मी जे विचारायला सांगितलं ते इथेही लिहिते. प्रोसेसरचं पूर्ण नाव विचार, आकड्यांसकट, आणि तो कधीचा आहे ते स्वतः शोध. स्टोरेज शब्द दिसला की तो एसएसडी आहे का, आणि विंडोज त्याच्यावरच आहे का ते लेखी घे. रॅम किती कांड्यांत आहे. पॉवर सप्लाय किती वॉटचा आणि त्याची बोर्डाला जाणारी वायर २४ पिनांची आहे का, हे विक्रेत्याला बहुतेक सांगता येणार नाही, तेव्हा झाकण उघडून दाखवा म्हण, नाही म्हणाले तर निघ तिथून. नेटवर्क पोर्ट एक गिगाबिटचा आहे की अडीचचा हे तुझं काम नेटवर्कवरच्या स्टोरेजशी असेल तरच बघ, नाहीतर सोड. आणि मॉडेल बाजारात कधी आलं ते विचार. दीड वर्षापेक्षा जुनं असेल तर किंमत कमी करा असं सरळ म्हण, लाजू नको. आणि महाग म्हणजे नवीनच असणार असं गृहीत धरू नको, अगदी वरच्या टोकालासुद्धा नाही. मार्च २०२५ मध्ये अ‍ॅपलने छोट्या मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा ही नवी चिप दिली तेव्हा त्याहून महाग मॅक प्रो २०२३ च्या एम२ अल्ट्रावरच विकायला होता.

कंपन्यांकडून मला फार मोठं काही नकोय. बॉक्सवर आय७ लिहिता तेवढ्याच मोठ्या अक्षरात त्याचं वर्ष लिहा. २ टीबीच्या पुढे हार्ड डिस्क की एसएसडी ते लिहा. या मॉडेलला किती सालापर्यंत अपडेट देणार ते लिहा, फोनवाल्या काही कंपन्या सांगायला लागल्याच आहेत की, तुम्ही का नाही. आणि वर्ष उलटलं की किंमत उतरवा.

पाचपैकी मी याला दोन देते. एक कॅबिनेटला आणि स्क्रीनच्या उंचीपर्यंत येणाऱ्या त्या सुबक बांधणीला, चार वर्षांत एक पत्रा वाजला नाही, आणि एक यासाठी की मशीन एकदाही बंद पडलं नाही. बाकीचे तीन त्यांच्या हातात होते.

मैत्रिणीने पाठवलेलं नव्या मॉडेलचं पान मी पूर्ण वाचलं. एसएसडी आहे, १ टीबी, चांगलं केलं. रॅम अजून एकच कांडी. प्रोसेसरच्या नावापुढे या वेळी आकडा लिहिलाय, तो बघितला तर सध्याच्या आधीच्या पिढीचा. कॅबिनेट हुबेहूब तेच, समोर तोच कार्डाचा स्लॉट त्याच जागी. तो आतून कुठल्या यूएसबीला जोडलाय हे या वेळीही कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी कंपनीला मेल टाकून तेवढंच विचारलंय. आज अकरावा दिवस आहे. उत्तर येईपर्यंत थांब असं मैत्रिणीला सांगितलंय.